रांगोळी, तारेचा ब्रश आणि अमावास्येचं भूत: जुन्या दफनभूमींत सहली नेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
हेरिटेज वॉक काढणाऱ्या संस्था, दुर्गभ्रमण मंडळे आणि सहल कंपन्या यांस

स.न.वि.वि.

पावसाळा उलगडला की तुमची पत्रकं फिरू लागतात. जुन्या कबरी, समाध्या, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा) यांच्याकडे पूर्वी गुराखी, पत्ते कुटणारी पोरं आणि एखादा इतिहासवेडा सोडला तर कुणी फिरकत नसे. आता रविवारी सकाळी तीस-चाळीस जणांचा जथा उतरतो. याचं आम्हाला वाईट वाटत नाही, बरंच वाटतं. ज्या दफनभूमीत कुणी जात नाही तिथले कुंपणाचे लोखंडी गज आधी जातात, मग अक्षरांतलं शिसं, मग संगमरवरी पाट्या आणि शेवटी जागाच जाते. राखणदार नेमायला पैसा नसतो तिथे माणसांची ये-जाच राखण करते.

तक्रार तुम्ही येण्याबद्दल नाही, येताना पिशवीत काय आणता त्याबद्दल आहे. रांगोळीची पुडी, तारेचा ब्रश, सिमेंट, ऑइलपेंटचा डबा आणि रात्रीच्या सहलीसाठी राखून ठेवलेलं एखादं भूत. पहिल्या चार वस्तू चांगल्या हेतूने येतात, म्हणूनच हे पत्र लिहावं लागतंय.

रांगोळीपासून सुरुवात करू. झिजलेली अक्षरं दिसावीत म्हणून शिळेवर रांगोळी, खडू किंवा पीठ चोळायची पद्धत इतकी रूढ आहे की अनुभवी मंडळीही बेधडक चोळतात. रांगोळी म्हणजे दळलेला दगड. ती हाताने घासली की पॉलिश पेपरचं काम करते आणि अक्षराची आधीच मऊ झालेली कड आणखी गोल होते. खडू बहुधा जिप्समचा असतो. त्याची भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते, पावसात थोडी विरघळते, उन्हात पुन्हा स्फटिक धरते आणि दर फेरीला पृष्ठभागाचा पापुद्रा सैल करते. पिठावर बुरशी धरते, हे सांगायला नकोच. रंगीत खडूचा डाग तर वर्षानुवर्षं जात नाही.

संगमरवरी पाट्यांवर आणखी एक नुकसान होतं, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच पाट्यांवरची काळी अक्षरं रंगवलेली नसून शिशाची असतात. अक्षराची उथळ खोबण कोरायची, तिच्या तळाशी बारीक छिद्रं पाडायची आणि त्यांत शिसं ठोकून बसवायचं, अशी ती कामाची रीत. शिसं निखळलं किंवा चोरीला गेलं तरी छिद्रं राहतात. उभ्या दांड्याच्या अक्षराला छिद्रांची उभी ओळ, गोल अक्षराला कडं. सवय झाली की नुसत्या छिद्रांवरून अख्खं नाव लावता येतं. त्या छिद्रांत रांगोळी ठासली की तेही गेलं.

मग वाचायचं कसं? आरशाने. दीड फूट बाय एक फूट असा सपाट आरसा आणि दोन माणसं पुरतात. शिळा सावलीत हवी. ती उन्हात असेल तर एकाने काळी छत्री किंवा गडद चादर धरून तिच्यावर सावली पाडायची. दुसऱ्याने बाजूला आठ-दहा फुटांवर उन्हात उभं राहून आरशातला कवडसा शिळेच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, म्हणजे फार तर दहा-पंधरा अंशांनी, सोडायचा. समोरून प्रकाश टाकलात तर काहीच दिसणार नाही. मोबाइलचा फ्लॅश नेमका हीच चूक करतो. कवडसा तिरका आला की खोबणीची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते आणि कोरी वाटणारी शिळा बोलू लागते. एकाच बाजूने प्रकाश टाकून मात्र थांबू नका. बाजूने आलेल्या प्रकाशात उभ्या रेषा उठतात, आडव्या बुजतात. देवनागरी लेखाची शिरोरेषा अशा वेळी साफ नाहीशी होते आणि मग अक्षरांवरून वाद होतात. तोच प्रकाश वरून सोडला की ती हजर. म्हणून डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे चार फोटो, कॅमेरा जागचा न हलवता. ऊन नसेल तर चांगली विजेरी चालते, पण शिळा पूर्ण अंधारात घ्यावी लागते.

कागद लावून ठसा घेणं हे पुराभिलेख वाचणाऱ्या जाणकारांचं काम. ज्या शिळेवर बोटाच्या पेराने हलकं ठोकल्यावर पोकळ आवाज येतो किंवा जिला खपल्या सुटल्या आहेत, तिला तर हातही लावायचा नाही.

आता तारेचा ब्रश. 'स्वच्छता मोहीम' म्हटलं की तो आलाच, आणि त्याच्याबरोबर फरशीचं ॲसिडही. संगमरवर आणि चुनखडीचा दगड ॲसिडने फसफसतो. तो फेस मळाचा नसतो, दगडच विरघळत असतो. पांढरीशुभ्र झालेली पाटी पुढच्या काही पावसाळ्यांत साखरेसारखी कणीदार होते आणि बोट फिरवलं की झडते. तारेचे तुटलेले तुकडे छिद्रांत अडकून गंजतात, त्यांचे तांबडे ओघळ कायमचे. प्रेशर पंपाचं नावही काढू नका. स्वच्छ करायची लेखी परवानगी असेल आणि दगड घट्ट असेल, तर साधं पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश, एवढंच. आधी दगड पाण्याने भिजवून घ्यायचा, मग खालून वर घासत जायचं. वरून सुरुवात केली तर मळकट पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात. काळपट शेवाळ उरलं तर उरू द्या. वाचता येत असेल तर पाटीचं काम झालं. ती चकचकीत दिसलीच पाहिजे हा हट्ट फोटोसाठी असतो.

सुरतेच्या इंग्रज आणि डच कबरी बघायला जाणाऱ्यांनी घुमटांकडे मान वर करून बघावं. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळाचं किंवा उंबराचं बी सांध्यात रुजतं आणि चुन्यातला ओलावा पीत वाढतं. उत्साही माणूस ते रोप हाताने उपटतो. बोटभर जाडीचं असेल तर ठीक, मनगटाएवढं झालं असेल तर मुळाबरोबर विटांचा थरच हातात येतो. असं रोप बुंध्याशी करवतीने कापायचं, मूळ जागच्या जागी ठेवायचं आणि संबंधित खात्याला कळवायचं. पुढचं जाणकार करतील, आणि दर वर्षी करावं लागेल. याच डच दफनभूमीत हेन्ड्रिक आड्रियान फान ऱ्हेडे आहे. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचं काम उभं करणारा हा माणूस १६९१ साली वारला. त्याच्या स्मारकाला सगळ्यात मोठा धोका वनस्पतींचाच असावा, हा योगायोग त्याला बहुधा आवडला असता.

सिमेंटबद्दल थोडक्यात. जुनं बांधकाम चुन्याचं आहे. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. सांधे सिमेंटने भरले की भिंतीतलं पाणी सांध्यातून न सुटता दगडाच्या किंवा विटेच्या तोंडातून सुटतं, जाताना क्षार तिथेच ठेवतं आणि तोंड फुटतं. मग सिमेंटचा सांधा पुढे आलेला आणि वीट आत झिजलेली, असं उलटं चित्र दिसतं. डागडुजीची परवानगी असेलच तर मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग आणि वर आठवडाभर ओली पोती. मार्च-एप्रिलच्या उन्हात ही पोती दुपारपर्यंत वाळतात, कुणी पाणी मारत नाही आणि चुना भुसभुशीत होतो. मग 'चुना टिकत नाही' म्हणून पुन्हा सिमेंट येतं. पाणी मारायला माणूस नसेल तर कामच काढू नका.

वीरगळांचं दुखणं वेगळं. इथे दोन गोष्टी सर्रास होतात: ऑइलपेंट आणि काँक्रीटचा ओटा. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत प्रसंग: गाई पळवणारे, लढाई, पडलेला वीर. त्याच्या वर अप्सरा त्याला नेताहेत, त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे माणूस मेला कशाने, ते तळाच्या चौकटीत. आणि मंडळाने दगड सरळ उभा करून काँक्रीटमध्ये रोवला की नेमकी तीच फूटभर चौकट गडप होते. उरतात अप्सरा आणि कैलास, जे सगळ्यांकडे सारखेच असतात. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, शिलाहार-यादव संघर्षाच्या काळातली. तिथली जहाजं बुजली असती तर त्या दगडांत वेगळं असं काय उरलं असतं?

ऑइलपेंटचा थर ओल आत कोंडतो आणि सुटताना दगडाची कातडी घेऊन सुटतो. शेंदराचं पुट असेल तर मात्र तुम्ही ते खरवडायचं नाही. तो दगड गावाचा देव आहे. गावकऱ्यांशी बोला, पुढे तेल-शेंदूर पायाशी वाहता येईल का ते विचारा, नाही म्हणाले तर नमस्कार करून निघा. आणि शेतातला वीरगळ उचलून देवळाच्या ओट्यावर ओळीने मांडण्याआधी मूळ जागेचा फोटो, अक्षांश-रेखांश आणि गट नंबर तरी लिहून ठेवा. तो तिथे का होता, हे दगड स्वतः सांगत नाही.

आता भूत. शनिवारवाड्यावर अमावास्येच्या रात्री 'काका, मला वाचवा' ऐकू येतं, ही गोष्ट विकली जाते ते आम्हाला ठाऊक आहे. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. त्या दिवशी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती, आणि गारदी वाड्यात घुसले ते दिवसाढवळ्या. म्हणजे अमावास्याही नाही आणि रात्रही नाही. खऱ्या प्रसंगात काय कमी आहे? थकलेल्या पगाराचा तगादा लावत गारदी आत शिरतात, सतरा-अठरा वर्षांचा पेशवा काकाच्या दालनाकडे धावतो, काकाला मिठी मारतो आणि तिथेच तोडला जातो. पुढे रामशास्त्री प्रभुणे राघोबांना तोंडावर दोषी ठरवतात. हे दुपारच्या उन्हात, दिल्ली दरवाज्यातून आत नेऊन सांगितलंत तर कुणाला किंकाळीची वाण भासणार नाही. अंधारात लोकांना जोत्यांवरून चालवलंत तर पाय मुरगळतात, एवढंच त्यातलं भयंकर.

कायद्याचंही माहीत असू द्या. सुरतेच्या कबरी, वसईचा किल्ला ही केंद्रीय संरक्षित स्मारकं आहेत. त्यांचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संरक्षित नसलेल्या दफनभूमीतही कुणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने घुसलं किंवा अंत्यविधीत अडथळा आणला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१ लागतं. रील करताना थडग्यावर आडवं पडून 'अभिनय' करणाऱ्याला हे आधी सांगितलेलं बरं.

त्यातही चालू दफनभूमी आणि बंद दफनभूमी हा फरक तुमच्या पत्रकात कुठेच दिसत नाही. मुंबईतली शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी चालू आहे. व्हिक्टोरिया टर्मिनस उभारणारा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिथे आहे म्हणून तुम्ही जाता, पण त्याच वेळी कुणी आपल्या माणसाला पोचवायला आलेलं असतं. प्रेतयात्रा आत आली की गटाने वाटेतून बाजूला व्हायचं, बोलणं थांबवायचं, कॅमेरे खाली. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीलाही हेच. शाहू महाराजांची, महाराणी ताराबाईंची समाधी बघायला लोक येतात आणि शेजारी अंत्यविधी सुरू असतात. पावसाळ्यात कृष्णा-वेण्णेच्या पात्रातल्या समाध्या पाण्यात जातात, म्हणून ती सहल जुलै-ऑगस्टमध्ये लावूच नका.

बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, दफनभूमीत, उदाहरणार्थ अलिबागजवळच्या नवगावला, शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी जाऊ नये. पुरुषांनी डोकं झाकावं. थडग्यावर ठेवलेले खडे कचरा म्हणून झाडू नयेत, ते भेट देऊन गेलेल्यांनी ठेवलेले असतात. बाहेर पडताना हात धुवावेत. अशा थडग्यांवर हिब्रूच्या जोडीला मराठी लेख सापडतात. आपल्या लोकांना वाचून दाखवायला याहून चांगलं काय मिळणार?

वाचून दाखवण्यात चुकाही होतात, आणि त्या पाटीमागून पाटी पुढे जातात. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे त्याआधीच्या इंग्रजी कागदांत आणि लेखांत जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदींना एक वर्ष कमी दिसतं. शिवरायांची सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची, पण इंग्रज कारकुनाच्या लेखी १६६३ अजून संपलेलं नसतं. डच आणि पोर्तुगीज तोवर नव्या पंचांगावर गेलेले होते. त्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर, म्हणून सुरतेत दोन दफनभूमींतल्या तारखा जुळवताना घोळ होतो. त्याच स्वारीत इंग्रजांची वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झिंडेन १६६९ साली वारला. भाऊ ख्रिस्तोफर १६५९ सालीच गेला होता, दोघांचं स्मारक एकच. जॉर्जला 'स्वारीत मेलेला इंग्रज' म्हणून दाखवू नका.

वसई किल्ल्यात आणि जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये थडग्यांच्या शिळाच फरशी झालेल्या आहेत. पोर्तुगीज लेखात 'व्ही' हे अक्षर 'यू'साठीही येतं आणि अक्षरावर लाटेसारखी खूण असेल तर पुढचा अनुनासिक गाळलेला असतो, एवढं कळलं तरी निम्मी नावं लागतात. तिथे बुटांखालची वाळूच शत्रू. पावसाळी ट्रेकचे खिळेदार बूट घालून कुणालाही शिळांवर उभं करू नका, कडेने चालवा.

इंग्रजी पाट्यांवर 'एन. आय.' म्हणजे नेटिव्ह इन्फन्ट्री आणि 'रेलिक्ट' म्हणजे विधवा. हे शेवटचं 'अवशेष' असं सांगितलं जातं तेव्हा इंग्रजी जाणणारे पर्यटक हळूच हसतात. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत. पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर मात्र नावं आहेत अठराशेहून अधिक, आणि त्यांतले बहुतेक देशभरच्या छावण्यांतल्या, आता निगा राखणं अशक्य झालेल्या जागी पुरलेले. त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये शिवडीहून खडकीला आणले गेले. कबर एकीकडे आणि नाव दुसरीकडे असं होतं ते का, हे इथे पाच मिनिटांत समजावता येतं.

सुरक्षेबद्दल तुम्ही गडावर जेवढी काळजी घेता त्याच्या निम्मीही इथे घेत नाही. चार फूट उंच, दोन फूट रुंद, चार इंच जाड संगमरवरी शिळेचं वजन दोनशे किलोच्या घरात जातं, आणि ती नुसत्या मातीत किंवा गंजलेल्या खिळीवर उभी असते. तिला टेकायचं नाही, लहान मुलांना तिच्यामागे लपू द्यायचं नाही. विटांच्या पोकळ कबरींची छतं आतून सडलेली असतात. जमीन खोलगट दिसली किंवा पायाखाली दणदण वाजली की मागे फिरा. गुडघाभर गवतात घोणस आणि मण्यार असतात, म्हणून काठी आपटत जायचं आणि फटीत हात घालायचा नाही. घुमटात आग्या मोहोळ असेल तर अत्तर, धूर आणि ड्रोन तिन्ही बंद. सर्पदंशावरची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे निघण्याआधी फोन करून विचारा.

एका वाटाड्यामागे पंधराहून जास्त माणसं नकोत. तिकिटातला काही भाग तिथल्या राखणदाराला किंवा दफनभूमी समितीला पावती घेऊन द्या. आणि दर सहलीत निदान पाच शिळांची नीट नोंद करा. नोंद म्हणजे नुसता फोटो नाही. लांबी-रुंदी-जाडी, दगड कोणता, लेख ओळीला ओळ जशाच्या तशा चुकांसकट, गेलेली अक्षरं चौकटी कंसात, शिळेची आजची अवस्था आणि तारीख. मोबाइलचं जीपीएस पाच-दहा मीटर चुकतं. दाटीच्या दफनभूमीत तेवढ्यात चार कबरी येतात, म्हणून डावी-उजवीकडची नावंही लिहा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या दफननोंदी 'एन/३' या मालिकेत आहेत. पाटी अर्धी तुटली असेल तर त्यांवरून नाव पुरं करता येतं, पण त्यासाठी उरलेली अर्धी नीट उतरवलेली हवी. नोंदीची एक प्रत समितीकडे द्या, एक आपल्याकडे ठेवा.

या हंगामाच्या पत्रकात 'रांगोळी, खडू, ब्रश आणू नये. आरसा आम्ही आणू' ही ओळ छापावी, एवढी विनंती.

आपले,
जुन्या दफनभूमी आणि स्मारकशिळांच्या नोंदी करणारे काही अभ्यासक

ता. क. आरसा सपाटच घ्या. दाढीचा खोलगट (अंतर्वक्र) आरसा ऊन एका ठिपक्यात गोळा करतो आणि डिसेंबरनंतरचं वाळलं गवत पेटायला तेवढं पुरतं. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावा आणि कवडसा कुणाच्या डोळ्यांवर जाणार नाही एवढं बघा.